भिंतीवरची हत्तीण

९ डिसेंबर

प्रिय नणंदबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. दचकू नकोस, घरात सगळे धड आहेत. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. आधी मला वाटायचं, कामात असशील. मग एकदा तुझा दादा सुट्टीवर आला होता तेव्हा त्याच्या नंबरावरून लावून बघितला, तोही वाजून वाजून थांबला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणून पत्र. पत्र निदान हातात तरी घ्यावं लागतं, फाडायला का होईना.

बाबा बरे आहेत. जेवतात, चिडतात, बातम्या सांगणाऱ्या माणसाशी भांडतात. उजवा हात मात्र झटका आल्यापासून तसाच आहे, मांडीवर ठेवला की ठेवलेला. त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते. पहिल्यांदा लावली तेव्हा आम्ही दोघंही दुसरीकडे बघत होतो. आता सवय झाली. आता बटणं लावून घेता घेता ते मला काल माझं कुठे कुठे चुकलं ते ऐकवतात.

कारण हत्तीण आता मी वाजवते. हस, पोटभर हस. लग्न होऊन आले तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतीवर ते नळाच्या पाइपांचं जंगल बघून मी तुझ्या दादाला विचारलं होतं की यातलं पाणी कुठे जातं, आणि तू आठवडाभर सगळ्यांना ते सांगत फिरली होतीस. आता त्याच पाइपांच्या, म्हणजे तुमच्या हत्तिणीच्या, तोंडापुढे मी दोन्ही हातांत रबरी चपला घेऊन उभी असते. बाबांचा हात गेला तेव्हा म्हणाले, "दोन दिवस थापट गं जरा, तालमीच्या मंडळींचा खोळंबा नको." ते दोन दिवस अजून संपायचे आहेत. मला काय येतंय डोंबल! मी आपली थापटते. तुला ऐकवणार नाही असं वाजवणं आहे माझं.

घर तुला आठवतं तसं राहिलेलं नाही. तू गेल्यावर बाबांनी हत्तीण वाढवली. सगळ्यांत खर्जातला जो पाइप आहे ना, त्याला लांबी पुरेना, म्हणून त्यांनी भिंत फोडून तो माझ्या खोलीत आणलाय. तो माझ्या पलंगावरून जातो, कपाटापाशी वळतो आणि परत बाहेर जातो. मंडळींच्या तालमीला मी बाहेर उभी राहून तो वाजवते तेव्हा आत माझ्या फणीसकट सगळं टेबल थरथरत असतं. तुझा दादा सुट्टीवर आला की पलंगावर उठून बसताना हमखास डोकं आपटतो. आपटलं की खर्जात घुमतं आणि बाहेरून बाबा विचारतात, "कोण आहे रे?" आता यावर आम्ही काय उत्तर देणार?

आणि खिडक्या. हवा गार झाली की पाइपांचा सूर खाली बसतो, हे तुला मी काय सांगायचं. पण तुझ्या वेळी निदान उन्हाळ्यात तरी उघडायच्या. आता बाबांनी फटींत कापड कोंबून वरून पट्टी मारून टाकली आहे. भाजीचा वास, माणसांचा वास, ओल्या टॉवेलचा वास, जे आत आलं ते आतच. परवा मी नुसतं म्हटलं, "बाबा, जरा वारा येऊ दे." तर म्हणाले, "तुला घाम येतोय की तिला थंडी वाजतेय, ते आधी ठरव."

बरं, आता मुद्द्याचं. तुझ्या दादाला कारखान्याकडून घर मिळतंय. एवढी वर्षं चौघांत एक खोली वाटून राहिला, आता दोन खोल्या आणि छोटा ओटा. जानेवारी संपायच्या आत कुटुंबासकट राहायला जायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला. मी बाबांना म्हटलं, आपण तिघं तिकडेच राहू. त्यांनी भिंतीकडे डाव्या हाताने दाखवलं, "आणि ही?" मी म्हटलं, तुम्ही नाही तर मी जाते, मंडळी तुमचं बघतील. त्यावर बाबा आत जाऊन पडले. संध्याकाळी जेवले नाहीत.

तू परत ये. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मी तुला काय सांगतेय ते मला कळतं. मी इथून सुटायला तुला इथे बोलावतेय. पण तुला हत्तीण हवी होती, गं. तुला ती मिळाली नाही आणि मला नको असताना मिळाली. तू जो पाइप करवतीने कापलास, त्याला बाबांनी जोड लावून लांबी परत आणली आहे. बाहेरच्या बँडबरोबर वाजवता यावं म्हणून तू कापलास, आणि इथे सगळ्यांनी हत्तिणीशीच सूर जुळवायचा असा बाबांचा हट्ट, त्यावरून दोघं गुरगुरलात आणि तू घर सोडून गेलीस. मी मध्ये भांडी घासत उभी होते. बाबा तेव्हा जे बोलले ते आता बोलणार नाहीत. मला तेवढं कळतं त्यांचं.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून नवऱ्याबरोबर सलग महिनाभर राहिलेली नाही. मला माझा संसार हवाय. बस, लिहून टाकलं.

तुझी वहिनी


२१ डिसेंबर

नणंदबाई,

तुझं कार्ड मिळालं. मी चार पानं लिहिली आणि तू एक ओळ! "विचार करते. तू खरंच कशी वाजवतेस?" शाळेतल्या शेऱ्यासारखं. तरी मी ते तीनदा वाचलं, खोटं कशाला बोलू.

कशी वाजवते? वाईट. ताल पळतो, मधले पाइप चुकतात, चपला तोंडावर नीट बसत नाहीत. हत्तीण बिचारी माझ्या हातून नासत चालली आहे. तू लवकर आलीस तर काहीतरी वाचेल तिचं.

तू येईपर्यंत दुसरं कोणी तयार होतंय का तेही बघते आहे. मी काही हातावर हात ठेवून बसलेली नाही. आधी पान्याला धरलं. तोच आपला गॅरेजवाला, अजून नट खोलायचे पाने दोरीला टांगून वाजवतो आणि अजून हात न पुसता चहाचा कप घेतो. त्याला म्हटलं, बघ जरा हत्तीण जमते का. त्याने पहिलाच दणका असा घातला की चप्पल पाइपात अडकली. बाबा म्हणाले, "याला सांग, टायर बदलतोयस असं समजू नकोस."

मग न्हावीकाका. त्यांचा हात हलका, मला वाटलं जमेल. पण काकांना आयुष्यभर तेलाच्या डब्याला लावलेली ती एकच तार माहीत. इतके सगळे पाइप समोर बघून ते घाबरले. अर्ध्यावर हात जोडून म्हणाले, "मला माझा डबा द्या." बाटलीबाई आनंदाने तयार झाली, तिला वाटतं पाणी भरलेल्या बाटल्या वाजवता आल्या की जगात काहीही वाजवता येतं. तिचा ताल बरा होता. पण शाळा सुटल्यावर वह्या तपासायच्या, घरी सासू, तालमीला यायलाच तिला कसंबसं जमतं. रोजचा रियाज कुठून करणार?

बाबा प्रत्येकाला ऐकून एकच म्हणाले, "सूनबाईसारखं नाही." हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की मला डिवचायला, कोण जाणे. मी आत जाऊन कुकर लावला.

तुझ्या दादाशी बोलले. तो म्हणतो, "बाबांचं मन मोडून येऊ नकोस." मी म्हटलं, मग माझ्या मनाचं काय करायचं? तर म्हणाला, "तसं नाही गं." तुझा दादा ना, "तसं नाही गं" याच्या पुढे आजवर गेलेला नाही. तू म्हणशील, पिशवी उचल आणि चालू लाग. उचलली असती. पण दारात गेले तर तो आधी मला विचारेल, बाबांना कोणाजवळ ठेवलंस. त्याला मी काय सांगू? पान्याजवळ?

एक नवीन विचार डोक्यात घोळतोय. जमलं तर तुलाही त्रास नको. कळवते.

वहिनी


५ जानेवारी

नणंदबाई,

जमलं नाही. सांगते, पण कोणाला हसून सांगू नकोस.

मी दुसरी हत्तीण केली. अगदी खरी. पान्याने जुन्या बांधकामावरचे पाइप आणून दिले आणि मी स्वयंपाकघरात बसून कापले. वाटलं, एक हत्तीण बाटलीबाईच्या शाळेच्या हॉलमध्ये उभी राहिली की मंडळींना आपल्या घराची गरज उरणार नाही. घर रिकामं झालं, तालीम नाही, गर्दी नाही, की बाबाही भिंतीला चिकटून राहणार नाहीत. हळूहळू येतील आमच्याबरोबर. मनातल्या मनात मी त्या ओट्यावर त्यांची खुर्चीसुद्धा ठेवून मोकळी झाले होते.

एक पाइप कापायचा, बाहेर येऊन भिंतीवरच्या हत्तिणीशी लावून बघायचा, सूर खाली वाटला तर परत थोडा कापायचा. बाबा आत पडून होते. मला वाटलं झोपलेत. सगळे पाइप इतके छान जुळले की मला स्वतःचाच हेवा वाटला. पान्याला बोलावून ऐकवलं, तोही चाट पडला. बंद खोलीत, शेगडी चालू, आम्ही दोघं घामाघूम, आणि दोन्ही हत्तिणी एका सुरात. मी त्या दिवशी भाजीत मीठच घातलं नाही, एवढी खूश होते.

शाळेचा हॉल तुला माहीत आहे. उंच छप्पर, फरशी बर्फासारखी, दारं दोन्हीकडून उघडी. मंडळी आली, माणसंही बरीच जमली. मी पहिली थाप दिली. सूर खाली. बरं, तिथल्या तिथे जुळवून घ्यावं म्हटलं, तर पान्याचे पाने लोखंडाचे, ते जागचे हलायला तयार नाहीत. न्हावीकाका तार उतरवून माझ्याशी जुळवतात तर पान्याशी भांडण, चढवून पान्याशी जुळवतात तर माझ्याशी. बाटलीबाई एका बाटलीत पाणी भरतेय, दुसरीतून ओततेय, शेवटी तिची साडी भिजली. मागे पोरं खिदळायला लागली. मग मोठेही. मी वाजवत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते.

ज्या उबेत कापलं त्या उबेतच ते जुळणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रोज खिडक्यांवरून बाबांशी भांडणारी मीच.

बाबा पुढच्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर मी त्यांच्या शर्टाची बटणं काढत होते तेव्हा म्हणाले, "तू कापत होतीस ते सगळं मी ऐकत होतो. हात चांगला आहे तुझा. पण ती या खोलीची आहे. तिला बाहेर काढून चालत नाही." माझ्या तोंडावर आलं होतं, आणि मला? पण मी पुढचं बटण काढलं.

आता तूच उरलीस. जानेवारी धावत सुटलाय. काहीतरी लिही. "नाही" असं जरी लिहिलंस तरी चालेल.

वहिनी


१३ जानेवारी

नणंदबाई,

आज हे पत्र तुला लिहितेय की स्वतःला, मला माहीत नाही.

काल तालमीला मंडळी जमली होती. नेहमीसारखी दारं लावली, माणसं पलंगावर, जिन्यात, स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून. हॉलमधल्या फजितीवरून पाना मला चिडवत होता, मीही त्याला चिडवत होते. तेवढ्यात बाबा काठी टेकत उभे राहिले. बाबा म्हणाले, "मी आता वाजवणार नाही हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही, मीच बोलतो. माझ्यामागे ही हत्तीण सूनबाईची. लेकीने कापली, सुनेने सांभाळली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कार्यक्रमात मी हे गावापुढे सांगणार आहे."

टाळ्या! अगं, काय टाळ्या! न्हावीकाका तर डोळे पुसायला लागले. बाटलीबाईने मला मिठी मारली आणि म्हणाली, "नशीब काढलंस गं." बाबांनी आपला डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्या माणसाकडे देण्यासारखी दुसरी एकही वस्तू नाही. होती ती त्यांनी मला दिली. मला एकानेही विचारलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. बाहेर कोणीतरी म्हणालं, "रडू दे, आनंदाचं आहे." मग मी नळ आणखी मोठा सोडला.

मंडळी पांगताना मी पान्याला दारात गाठलं. म्हटलं, "मला जायचंय रे." तो म्हणाला, "कुठे, बाजारात? सकाळी मी तिकडेच चाललोय, सांग काय आणायचं ते." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही गेलात तर आम्ही कुठे जायचं?" त्याचं काही चुकलं नाही. दिवसभर गाड्यांखाली उताणा पडून असतो तो. आठवड्यातली ही एक संध्याकाळ त्याची असते. न्हावीकाकांची बायको गेल्यापासून त्यांना घरात बोलायला कोणी नाही. सगळ्यांना आपापल्या घरातून बाहेर पडायला ही खोली लागते. मला एकटीला यातून बाहेर पडायचं आहे, आणि ते कोणाला सांगावं तर सगळे याच खोलीत बसलेले.

भिंतीवरचा पाइप रात्री गार होताना कडकड वाजतो. मी डोक्यावरून पांघरूण घेते आणि म्हणते, गप की गं बाई. तीही इथेच जखडलेली आहे म्हणा. तिच्यावर राग काढून काय होणार?

शेवटच्या शनिवारी बाबांनी गावापुढे ते सांगितलं की संपलं. मग मी कोणत्या तोंडाने जाणार? त्याच्या आधी ये. पाया पडते.

वहिनी


२२ जानेवारी

माझ्या लाडक्या, गुणाच्या, सोन्याच्या नणंदबाई,

"शनिवारी कार्यक्रमाला येते. ऐकते. मग बाबांशी बोलते." तीन वाक्यं! तुझ्या मानाने कादंबरीच झाली ही. पोस्टमन उन्हात उभा होता, त्याला मी पाणी विचारलं, चहा विचारला, शेवटी तो बिचारा पळूनच गेला.

बाबांना अजून सांगितलं नाही. तुला दारात बघून त्यांचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं आहे. आधी ओरडतील. ओरडू दे. मग म्हणतील, "जेवलीस का?" तेवढं झालं की तू जिंकलीस.

तुझ्या दादाला फोन करून सांगितलं की घराची चावी घेऊन ठेव, मी रविवारी निघते. तो आधी 'बरं' म्हणाला. मग म्हणाला, "पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे?" अगं, या माणसाने जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी स्वतःहून विचारलं! मी म्हटलं, पडदे नकोत. उघडंच असू दे सगळं.

तुझ्यासाठी सगळं नीट लावून ठेवते आहे. चपलांचं रबर झिजलं होतं, नवीन बसवलं. बाबांच्या गोळ्या वेळेप्रमाणे डब्यांत. ते भात मऊ खातात, भाजीत तिखट कमी. बटणं वरून खाली लावायची, खालून वर लावली तर चिडतात. माझी खोली तू घे, पण उठताना डोकं सांभाळ.

कालपासून मी हत्तिणीपुढे उभी राहिले की हात आपोआप चालतो. आता जायचंच आहे म्हटल्यावर राग राहिला नाही. तिचा तो मधला पाइप किती गोड आहे, हे मला आत्ता कळतंय. शनिवारी मी तिला नीट वाजवणार आहे. इतके दिवस तिने माझं ऐकून घेतलं, तेवढं मी तिचं देणं लागते.

तुझी, खरंच तुझी,
वहिनी


२८ जानेवारी, रविवार

अगं, कुठे आहेस तू?

काल दार लागेपर्यंत मी वाट बघत होते. मग बाबा म्हणाले, हवा गार होतेय, लावा दार. गर्दी इतकी होती की जिन्यातही उभं राहायला जागा नव्हती. मला वाटलं तू उशिरा पोचलीस, बाहेर थांबलीस, संपल्यावर येशील. दर गाण्यानंतर मी दाराकडे बघत होते.

संपल्यावर बाबांनी ते सांगितलं, सगळ्यांपुढे. मी त्यांना थांबवलं नाही, मला वाटलं बोलू देत, आता कुठल्याही क्षणी तू आत येशील आणि सगळं फिरेल. लोक माझ्या पाया पडत होते, अगं. म्हाताऱ्या बायका. मी सगळ्यांच्या खांद्यांवरून दाराकडे बघत होते.

बस चुकली का? बरं नाही का? कालपासून फोन लावतेय. तुझ्या दादाचा सकाळी फोन आला, किती वाजता निघतेस. मी म्हटलं, बुधवारपर्यंत वेळ आहे ना. तो म्हणाला, हो, बुधवारी संपतो महिना. 

मी वाट बघते. बॅग भरलेलीच आहे.

वहिनी


२ फेब्रुवारी

नणंदबाई,

घर यादीतल्या पुढच्या माणसाला मिळालं. तुझा दादा म्हणाला, पुढच्या वेळी बघू. मी त्याच्याशी भांडले नाही. चावी परत करायला तो स्वतः गेला, आणि ओटा जरा लहानच होता म्हणाला, म्हणजे मला वाईट वाटू नये. चांगला आहे गं तो. चांगल्या माणसांनीच मला कोंडून घातलंय, कोणाला शिव्या द्याव्यात तेही कळत नाही.

मी तुला मनातल्या मनात मात्र खूप शिव्या दिल्या. आज सकाळपर्यंत. आज पाना पाने घेऊन तालमीला लवकर आला. मला हसवायला म्हणाला, "काय वहिनी, नणंदेने एवढी पाठ थोपटली तरी तोंड पाडून बसलात?"

मी म्हटलं, कोणी पाठ थोपटली?

त्याला वाटत होतं की तू मला भेटून गेलीस. त्याने सगळं सांगितलं. तू आली होतीस. दार लागल्यावर पोचलीस आणि ठोठावलं नाहीस. खिडकीला कान लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बाहेर थंडीत उभी होतीस. संपल्यावर पाना गाडी काढायला बाहेर आला तेव्हा तू रडत होतीस. तू त्याला म्हणालीस, "थापटते म्हणून लिहिलं होतं तिने. किती खोटारडी! अरे, माझ्या हातूनही हत्तीण कधी अशी वाजली नव्हती. बाबांच्याही नाही. आणि मी तिच्याकडून ती काढून घ्यायला आले होते." त्याने तुला आत चल म्हटलं, तर तू म्हणालीस, "आत्ता गेले तर बाबा मला ठेवून घेतील आणि तिच्या हातून ती जाईल. एवढं पाप मी नाही करणार." मग त्याने तुला शेवटच्या बसमध्ये बसवून दिलं. पाना हे सांगताना हसत होता, त्याला वाटलं मला केवढा आनंद होईल.

मी त्याला चहा केला.

मी तुला खोटं लिहिलं होतं, मान्य. वाईट वाजवते म्हटलं की तू धावत येशील असं मला वाटलं. आलीसही. पण जायला हवंय हे मी खरं लिहिलं होतं, प्रत्येक पत्रात लिहिलं होतं, आणि तेवढंच नेमकं तू खोटं धरलंस. एकदा दार वाजवायचंस गं. एकदा मला विचारायचंस.

आज बाबांनी मला नवीन बंदिश बसवायला सांगितली आहे. मंडळी येतीलच आता, मला शेगडी लावायला हवी. त्याआधी तुला एक सांगते. त्या दिवशी तू बाहेर उभी राहून जे ऐकलंस, तसं मी आजवर कधी वाजवलं नव्हतं आणि परत मला ते जमेल असंही वाटत नाही. तशी मी वाजवली, कारण मला वाटलं होतं, आता पुन्हा वाजवावी लागणार नाही.

वहिनी